लॅपटॉपमधला आतला मोडेम लिनक्सवर (उबुंटू ८.०४) चालू होईल का?

कातळवाट | शुक्र, १३ जून २००८, १८:४०

मंडळी नमस्कार, आजवर वाचनमात्र होतो, आता अडलंय म्हणून लिहितोय. गावाकडे (लांज्यापासून बरंच आत) ब्रॉडबँड नाही आणि इतक्यात येण्याची लक्षणंही नाहीत, फोनची तार मात्र घरात आहे, तेव्हा डायलअप (फोन लावून नेट जोडणं) हाच एक मार्ग. लॅपटॉपवरचं विंडोज व्हायरसनी पार पोखरलं होतं म्हणून वैतागून काढलं आणि मित्राकडून उबुंटू ८.०४ ची सीडी आणून टाकली. आवाज, वायफाय, वेबकॅम सगळं न सांगता चालू झालं, फक्त मोडेम नाही. विंडोजवर त्याच भोकात तीच वायर खुपसून नेट लागायचं, म्हणजे हार्डवेअर ठणठणीत आहे.

नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन मोडेम ऑटोडिटेक्ट दाबलं की थोडा वेळ फिरतं आणि काहीच नाही. एलएसपीसीआय (मशीनमधलं हार्डवेअर दाखवणारी कमांड) ची अख्खी यादी वाचली, त्यात मोडेम हा शब्दच नाही! एलएसयूएसबीत पण नाही. मग हा मोडेम आहे कुठे? कोणी केलंय का हे? सायबरकॅफेतून लिहितोय, उत्तर वाचायला दोन-तीन दिवस लागतील, राग मानू नका.

खवट | शुक्र, १३ जून २००८, १९:०५

डायलअप? २००८ साली? ते टिंग टिंग खर्रर्र वालं? :D

मृद्गंध | शुक्र, १३ जून २००८, १९:३१

खवट, पुण्यात बसून बोलायला काय जातंय तुम्हाला. सावंतवाडीत आमच्या गल्लीत ब्रॉडबँड आहे आणि दोन गल्ल्या सोडून नाही. कातळवाट, माझाही हाच प्रॉब्लेम आहे म्हणून धाग्यावर लक्ष ठेवून बसलेय.

गंप्या | शुक्र, १३ जून २००८, २०:१२

आतल्या मोडेमच्या नादी लागू नका, बाहेरचा सिरियल मोडेम घ्या सेकंडहँड, चार-पाचशेत मिळतो, लावला की चालू. मी तेच केलं.

टर्मिनलबुवा | शुक्र, १३ जून २००८, २२:५८

गंप्याचं म्हणणं चूक नाही, पण नव्या लॅपटॉपला सिरियल पोर्ट कुठे असतो? मग यूएसबी-टू-सिरियलची वायर घ्या, ती मिळवा, तिचा वेगळा खर्च. आणि यूएसबी मोडेम म्हणून दुकानात जे विकतात त्यातले निम्मे आतल्यासारखेच अर्धवट असतात. लावल्यावर टीटीवायएसीएम० असं डिव्हाइस आपोआप उगवलं तर तो खरा मोडेम, नाहीतर दुकानदाराला परत. तेव्हा आधी आतला चालतोय का ते बघू, त्याला पैसे पडत नाहीत.

कातळवाट, लॅपटॉपचं मॉडेल सांगितलं नाहीत ते बरंच झालं. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या लॉटमध्ये वेगवेगळे मोडेम घातलेले असतात, त्यामुळे "अमक्या लॅपटॉपवर चालला" असं कुठे वाचलंत तरी त्याला काडीचा अर्थ नाही. मोडेमच्या चिपचा नंबर लागतो, बाकी काही नको.

आता मोडेम दिसत का नाही ते. जुन्या बाहेरच्या डब्यात स्वतःचा प्रोसेसर असायचा, तुम्ही एटीडीटी (नंबर फिरव अशी मोडेमची आज्ञा) म्हणालात की पुढचं सगळं तो करायचा. लॅपटॉपातली ही बोटभर पट्टी (एमडीसी म्हणतात तिला, मोबाइल डॉटर कार्ड) म्हणजे नुसते कान आणि तोंड, मेंदू तुमच्या सीपीयूचा उसना. पट्टीवर काय, तर फोनच्या तारेपासून मशीन अलग ठेवणारं सर्किट आणि आवाजाचे आकडे व आकड्यांचा आवाज करणारा कोडेक. सूर ओळखणं, सूर काढणं, चुका दुरुस्त करणं हे सगळं ड्रायव्हर करतो. असला ड्रायव्हर कंपन्यांनी फक्त विंडोजसाठी लिहिला म्हणून याला विनमोडेम नाव पडलं. जरा जुन्या मशीनमध्ये (एसी९७ या आधीच्या साउंड पद्धतीवाल्या) एलएसपीसीआयमध्ये निदान "मोडेम कंट्रोलर" अशी ओळ तरी दिसते. तुमच्यात बहुतेक एचडीए ऑडिओ आहे, त्यात मोडेमचा कोडेक साउंडच्याच कंट्रोलरला लटकलेला असतो, म्हणून पीसीआयच्या यादीत त्याचं नावगाव नाही.

त्याला आवाजाच्या घरात शोधा. टर्मिनल उघडून

कॅट /प्रॉक/एसाउंड/कार्ड०/कोडेक#१

(उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाकताना अर्थातच रोमन.) कोडेक#० म्हणजे तुमचा नेहमीचा साउंड, #१ बहुतेक मोडेम. त्यात वेंडर आयडी म्हणून आठ अक्षरं-आकडे येतील ते इथे टाका. शिवाय युनेम -एम चं उत्तर पण टाका, ३२ बिट की ६४ ते कळायला हवं. पुढच्या खेपेला कॅफेत गेलात की लिनमोडेम्सच्या साइटवरून स्कॅनमोडेम नावाची स्क्रिप्ट पेनड्राइव्हवर घ्या, ती हेच सगळं तपासून मोडेमडेटा नावाची फाइल लिहून देते.

मृद्गंध | शनि, १४ जून २००८, ०९:१५

बुवा, मी लगेच करून पाहिलं. माझं १४एफ१ ने सुरू होतंय. चांगलं की वाईट?

टर्मिनलबुवा | शनि, १४ जून २००८, ११:४०

ताई, १४एफ१ म्हणजे कोनेक्झंट, एचएसएफ जातीचा. मधलं आहे. लिनक्सअँट नावाची कॅनडातली कंपनी याचा ड्रायव्हर देते, एचएसएफमोडेम. फुकटातला आहे तो १४.४ केबीपीएसला अडवलेला आणि फॅक्स बंद. पूर्ण ५६के हवा तर लायसन्स विकत घ्यायचं, डॉलरमध्ये. इन्स्टॉल करताना कर्नल (लिनक्सचा गाभा) हेडर्स आणि कंपायलर लागतील, मग एचएसएफकॉन्फिग चालवायचं, ते मॉड्यूल बांधून देतं आणि टीटीवायएसएचएसएफ० असं डिव्हाइस तयार होतं. एक लक्षात ठेवा, कर्नल अपडेट झाला की एचएसएफकॉन्फिग परत चालवायचं, नाहीतर सकाळी मोडेम गायब आणि तुम्ही मला शिव्या देणार.

आधी फुकटातला टाकून बघा, चालला तर विकतचा घ्यायचा का ते नंतर ठरवा.

सरळमार्गी | शनि, १४ जून २००८, १२:२२

लिनक्सअँट म्हणजे तेच ना, २००४ साली ज्यांच्यावरून कर्नलवाल्यांमध्ये बोंबाबोंब झाली होती? किस्सा भारी आहे. कर्नलमध्ये प्रत्येक मॉड्यूलला आपलं लायसन्स सांगावं लागतं. जीपीएल (सोर्स खुला ठेवायला लावणारं लायसन्स) नसेल तर कर्नल "टेंटेड" म्हणजे डागाळलेला असा शिक्का मारतो आणि लॉगमध्ये कुरकुर करतो. या लोकांनी काय केलं, लायसन्सच्या जागी लिहिलं "जीपीएल", त्यापुढे एक शून्य बाइट, आणि त्याच्यापुढे खरी मेख, की जीपीएल हे फक्त त्या नावाच्या फोल्डरातल्या फायलींपुरतं, बाकीच्यांना वेगळं लायसन्स. सी भाषेत स्ट्रिंग शून्य बाइटला संपते, त्यामुळे कर्नल बिचारा "जीपीएल" एवढंच वाचून पुढे जायचा. पकडले गेल्यावर कंपनीचं म्हणणं असं की ड्रायव्हरमध्ये बरीच मॉड्यूल्स आहेत, दरवेळी तीच वॉर्निंग बघून गिऱ्हाइकं घाबरतात म्हणून केलं. मला तर हे कारण अगदीच लंगडं वाटतं, वॉर्निंग असतेच घाबरवायला.

खवट | शनि, १४ जून २००८, १२:४०

याला म्हणतात वकिली डोकं.

मृद्गंध | शनि, १४ जून २००८, १३:०२

तत्त्वाचं तुम्ही बघा, मला आईच्या मेल वाचायच्यात. टाकून बघते.

कातळवाट | सोम, १६ जून २००८, १७:२०

बुवा, दंडवत! मोडेम सापडला, आवाजाच्या घरातच होता. कोडेक#१ मध्ये हे आलंय:

वेंडर आयडी : ११सी१३०२६
मोडेम फंक्शन ग्रुप पण लिहिलंय.
युनेम -एम : आय६८६

११सी१ शोधलं तर एजिअर आलं, आणि एजिअरसाठी एजीआरएसएम नावाचा ड्रायव्हर कंपाइल करा असं बऱ्याच ठिकाणी लिहिलंय. पण एकाने लिहिलंय नव्या कर्नलवर कंपाइलच होत नाही, दुसरा म्हणतो होतो पण मशीन लटकतं. करू का?

टर्मिनलबुवा | सोम, १६ जून २००८, २१:४४

थांबा, एजीआरएसएमला हात लावू नका. सगळे इथेच चकतात. ११सी१ हा फक्त कंपनीचा नंबर झाला, पुढचे चार आकडे बघा. ११सी१-१०४० असतं तर एजीआरएसएम आणि डोकेदुखी दोन्ही नशिबात होती. तुमचं आहे ३०२६. हा एसआय३०५४ जातीचा कोडेक, ३०५५ आणि ३१५५ हे त्याचेच भाऊबंद. यांना कर्नलमधला एसएनडी-एचडीए-इंटेल ड्रायव्हर मुळातच ओळखतो, आवाजासाठी तुम्ही रोज वापरताय तोच. त्यामुळे काहीही कंपाइल करायचं नाही.

वरचा मेंदू म्हणून लागतो तो एसएलमोडेमडी. स्मार्टलिंक नावाच्या कंपनीचा आहे, आल्साच्या (लिनक्सची आवाजाची यंत्रणा) मार्फत कोडेकशी बोलतो. त्याचा गाभा (डीएसपीलिब्स नावाची फाइल) कंपनीने बंद पेटीत दिलाय, सोर्स नाही आणि तीही फक्त ३२ बिटमध्ये. तुमचं आय६८६ आलंय म्हणजे तो प्रश्न मिटला. कोणी ६४ बिट टाकलं असेल तर त्याला ३२ बिटच्या लायब्रऱ्या वेगळ्या टाकाव्या लागतील.

कॅफेतून पेनड्राइव्हवर आणायची पॅकेजं: एसएल-मोडेम-डेमन, डब्ल्यूव्हीडायल (फोन लावून नेट जोडणारा प्रोग्राम) आणि त्याच्या शेपटीला येणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे डब्ल्यूव्हीस्ट्रीम्स, युनिकॉन्फ, एक्सपीएलसी. सगळी हार्डीची (म्हणजे उबुंटू ८.०४ ची) आणि आय३८६ चीच घ्या, दुसऱ्या व्हर्जनची घेतलीत तर एकमेकांत भांडतील. एका फोल्डरात टाकून सुडो डीपीकेजी -आय *.डेब.

मग आधी हाताने चालवून बघा:

सुडो एसएलमोडेमडी --कंट्री=इंडिया --आल्सा एचडब्ल्यू:०,६

(डेमन, म्हणजे मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम, आधीच चालू झाला असेल तर तो थांबवून.) एचडीएमध्ये मोडेम बहुतेक सहाव्या नंबरच्या डिव्हाइसवर असतो. /प्रॉक/एसाउंड/पीसीएम या फाइलमध्ये ००-०६ अशी मोडेमची ओळ दिसली की झालं. चाललं तर तो सांगेल की टीटीवायएसएल० ही लिंक तयार केली, मोडेम म्हणून हेच वापरा. ती खिडकी तशीच उघडी ठेवायची.

डब्ल्यूव्हीडायलच्या कॉन्फ फाइलमध्ये: मोडेम = /डेव्ह/टीटीवायएसएल०, फोन, युजरनेम, पासवर्ड, आणि या दोन ओळी विसरू नका: कॅरिअर चेक = नो, स्टुपिड मोड = १. पहिली कशाला, तर टीटीवायएसएल० हा खरा सिरियल पोर्ट नाही, मागे नुसता एक पीटीएस (बनावट टर्मिनल) आहे, त्याला कॅरिअर दाखवणारी तारच नाही, मग डब्ल्यूव्हीडायलला वाटतं लाइन तुटली आणि जोडलेला फोन तो स्वतःच ठेवतो. दुसरीमुळे कनेक्ट झाल्याबरोबर पीपीपी (फोनवरून नेटची पॅकेटं नेणारी पद्धत) सुरू होतं, लॉगिनचा प्रॉम्प्ट शोधत बसत नाही.

कातळवाट | गुरु, १९ जून २००८, १७:५५

बुवा, निम्मी लढाई जिंकली. एसएलमोडेमडी चाललं, टीटीवायएसएल० आलं. पण डब्ल्यूव्हीडायल मारलं की मोडेम टक्क असा आवाज करतो, थोडं थांबतो आणि "नो डायलटोन". फोन उचलून कानाला लावला तर टोन स्वच्छ येतोय. विंडोजवर हे कधी झालं नव्हतं.

एक गोष्ट सांगायची राहिली, हाताने चालवताना --कंट्री लिहिलं नव्हतं, म्हटलं आधी साधं चालवून बघू.

जुनी_लाईन | गुरु, १९ जून २००८, २०:३०

नमस्कार. मला लिनक्समधलं काही कळत नाही, मुलाने हा धागा दाखवला. नोकरी टेलिफोन खात्यात गेली म्हणून तेवढ्यापुरतं बोलतो.

ते देशाचं नाव शोभेला नाही. प्रत्येक देशाचा डायल टोन निराळा. आपल्याकडे ४०० हर्ट्झचा सूर, त्यावर २५ हर्ट्झचं मॉड्युलेशन, म्हणून तो जरासा घरघरता येतो, नीट ऐकलंत तर कळेल. अमेरिकेत ३५० आणि ४४० असे दोन सूर एकत्र वाजतात. तुमच्या मोडेमला देश सांगितला नसेल तर तो अमेरिकेचा टोन शोधत बसला असेल आणि आपला ऐकूनही त्याला टोन वाटला नसेल. एंगेज टोनचंही तेच, किती वेळ वाजायचा आणि किती वेळ गप्प राहायचं हे देशागणिक बदलतं.

घरात दुसरा फोन पॅरलल असेल तर तो नीट ठेवलेला आहे ना तेही बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटायच्या.

टर्मिनलबुवा | गुरु, १९ जून २००८, २२:१५

काका, वा! हे मला इतकं नेमकं माहीत नव्हतं, नुसतं इंडिया लिहायचं एवढं ठाऊक होतं.

कातळवाट, --कंट्री=इंडिया लिहाच, आणि कायमचं करायला /ईटीसी/डिफॉल्ट मधल्या एसएल-मोडेम-डेमन फाइलमध्ये देश आणि डिव्हाइस दोन्ही भरून ठेवा म्हणजे बूट झाल्यावर आपोआप चालू होईल. तरीही अडला तर डब्ल्यूव्हीडायलमध्ये डायल कमांड = एटीएक्स३डीटी अशी ओळ घाला. एक्स३ म्हणजे टोनची वाट न बघता डायल कर, पण एंगेज आला तर ओळख. मृद्गंध ताई, तुमच्या कोनेक्झंटला देश सांगायचा तर इनिट ओळीत एटी+जीसीआय=५३, आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) यादीत ५३ म्हणजे भारत.

अनवाणी | शुक्र, २० जून २००८, १०:०८

धागा वाचून व्हीएसएनएलचे (तेव्हाची सरकारी नेट कंपनी) दिवस आठवले. १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे इंटरनेट सगळ्यांसाठी खुलं झालं, त्यानंतर एक-दोन वर्षांत आमच्या होस्टेलच्या एका मुलाने शेल अकाउंट घेतलं होतं. चित्रंबित्रं काही नाही, काळ्या पडद्यावर लिंक्स नावाच्या नुसत्या अक्षरांच्या ब्राउझरने पानं वाचायची आणि पाइनमध्ये मेल. रात्री बारानंतर लाइन लागायची, त्याआधी सतत एंगेज. त्या मोडेमचा आवाज ऐकून कनेक्शन किती स्पीडला लागणार हे तो मुलगा आधीच सांगायचा, आणि बहुतेक वेळा बरोबर यायचं.

मृद्गंध | शनि, २१ जून २००८, २२:३६

चाललं!! १४.४ वर का होईना. हेडर्स आणि बिल्ड-इसेन्शियल सीडीवरूनच मिळाले, नेट लागलंच नाही. पान उघडायला इतका वेळ लागतो की मधे चहा होतो, पण मेल वाचता येतात. चित्रं बंद करून ठेवलीत. ५३ वाली ओळ घातली नव्हती तेव्हा मलाही नो डायलटोन येत होतं, काकांना धन्यवाद.

कातळवाट | सोम, २३ जून २००८, १७:३०

इंडिया लिहिल्याबरोबर लागला! तो आवाज लॅपटॉपमधून ऐकून घरातली सगळी जमा झाली. युजरनेम-पासवर्ड घेतला, आयपी पत्ता मिळाला, दोन डीएनएस पत्ते पण दिसले. आणि पान मात्र एकही उघडत नाही. पिंग पण जात नाही. स्क्रीनवरचं जसंच्या तसं उतरवून आणलंय, त्यात एक ओळ अशी आहे की "नॉट रिप्लेसिंग एग्झिस्टिंग डिफॉल्ट रूट", पुढे ईटीएच० आणि १९२.१६८.१.१ लिहिलंय. एरर नाही म्हणून आधी लक्ष दिलं नव्हतं.

टर्मिनलबुवा | सोम, २३ जून २००८, २१:०२

तीच ओळ गुन्हेगार आहे. नेटवर्क केबलला तुम्ही कधीतरी फिक्स पत्ता आणि गेटवे दिलाय (दुसऱ्या पीसीला जोडलं होतंत का?). आता मशीनला वाटतं जगात जायची वाट त्या केबलमधून आहे, केबल काढली तरी. पीपीपी सभ्य आहे, आधीची वाट असेल तर ती मोडत नाही, मग तुमचं प्रत्येक पॅकेट त्या बंद वाटेने जातं आणि हरवतं.

आत्तापुरतं: सुडो रूट डेल डिफॉल्ट, मग परत डायल. कायमचं: ईटीएच० च्या सेटिंगमधला गेटवे पुसून टाका, किंवा /ईटीसी/पीपीपी/पीअर्स/डब्ल्यूव्हीडायल मध्ये रिप्लेसडिफॉल्टरूट अशी ओळ घाला. मी गेटवे पुसा म्हणेन. त्याच फाइलमध्ये यूजपीअरडीएनएस आहे ना तेही बघून घ्या, नाहीतर पिंग जाईल पण नावाने काही उघडणार नाही.

आणखी एक आधीच सांगतो. फायरफॉक्स ३ स्वतः तपासत नाही, नेटवर्क मॅनेजरला विचारतो नेट आहे का, आणि नेटवर्क मॅनेजरला तुमचा डायलअप दिसतच नाही, तो सांगतो नाही म्हणून. त्यामुळे सगळं जोडलेलं असूनही ऑफलाइन असल्याचं पान येऊ शकतं. फाइल मेनूमध्ये वर्क ऑफलाइनवरची खूण काढा.

भीमथडी | मंगळ, २४ जून २००८, ०८:५०

मधेच विचारतो, आमच्या वाडीवर तारेचा फोन नाही, डब्ल्यूएलएल आहे, अँटेनावाला. त्याच्या मागच्या फोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपच्या मोडेमला लावली तर चालेल का?

जुनी_लाईन | मंगळ, २४ जून २००८, ११:१५

नाही चालणार. सीडीएमए या मोबाइल तंत्राचा असेल तर त्यात आवाज दाबून पाठवतात, माणसाचं बोलणं समजण्यापुरता. मोडेमचे सूर त्यातून पलीकडे ओळखू येत नाहीत. टोन येईल, नंबर लागेल, पण जुळणार नाही.

टर्मिनलबुवा | मंगळ, २४ जून २००८, १३:४०

भीमथडी, पण त्या फोनच्या बुडाला डेटाचं भोक असेल तर तो फोनच मोडेम आहे, लॅपटॉपचा मोडेम लागतच नाही. डेटा केबल लावा, टीटीवाययूएसबी० किंवा टीटीवायएसीएम० दिसेल, डब्ल्यूव्हीडायलमध्ये फोन = #७७७. डायलअपपेक्षा बरा स्पीड मिळेल. जीपीआरएसवाल्या मोबाइलचंही असंच, नंबर तेवढा निराळा.

कातळवाट | शुक्र, २७ जून २००८, २१:१८

मंडळी, हे घरून लिहितोय! लॅपटॉपच्या आतल्या मोडेमवरून! गेटवे पुसला, फायरफॉक्सची खूण काढली (बुवा, तुम्ही म्हणालात तसंच ऑफलाइनचं पान आलं होतं) आणि लागलं.

आता एकच त्रास उरलाय. पाऊस नसला की ४५३३३ वगैरे स्पीडला जोडतो, छान चालतं. पाऊस सुरू झाला की जोडतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत तुटतो, परत डायल, परत तुटतो, आणि प्रत्येक वेळी कॉलचा पल्स (बिलाचं एकक) पडतो तो वेगळाच. हे लिहिताना पण नोटपॅडवर लिहून मग जोडलंय.

जुनी_लाईन | शनि, २८ जून २००८, ०९:४०

तुमच्या लाइनमध्ये ओल शिरतेय. तपासायची साधी रीत सांगतो. फोन उचला, कुठलाही एक आकडा दाबा, डायल टोन बंद होईल. आता काही न बोलता ऐका. लाइन कोरडी असेल तर जवळपास शांत वाटेल. भजी तळल्यासारखी चरचर किंवा बारीक टकटक आली तर कुठल्यातरी जोडात पाणी आहे, बहुधा खांबावरच्या डब्यात किंवा घरात शिरताना तार जिथे पिळलेली असते तिथे. ती पिळ बघा, हिरवी पडली असेल तर कापून नवी करा, टेप गुंडाळा, आणि तारेला भिंतीत शिरण्याआधी खाली एक झोळ ठेवा म्हणजे पाणी तारेवरून आत न येता तिथून ठिबकेल. एवढं घरच्या घरी होतं. डब्यातलं काम लाइनमनचं, तक्रार नोंदवताना "नेट चालत नाही" म्हणू नका, "लाइनवर खरखर आहे" म्हणा. नेट म्हटलं की ते आमचं काम नाही म्हणतात.

५६के लागायला पलीकडचं टोक डिजिटल असावं लागतं आणि मधे एकदाच आवाजात रूपांतर झालेलं चालतं. खेड्यातलं छोटं एक्स्चेंज आणि वरचं मोठं एक्स्चेंज यांच्यात कुठे जुना दुवा असेल तर ३३.६ च्या वर जाणारच नाही. तुमचं ४५ ला जोडतंय म्हणजे तेवढी बाजू चांगली आहे.

टर्मिनलबुवा | शनि, २८ जून २००८, १२:०५

काकांचं काम होईपर्यंत मोडेमला हात आखडता घ्यायला सांगा. डब्ल्यूव्हीडायलमध्ये इनिट३ = एटी+एमएस=३४ अशी ओळ टाका, मग तो व्ही.९० (५६के ची पद्धत) चा हट्ट सोडून व्ही.३४ (३३.६ पर्यंतची जुनी पद्धत) ने जोडेल. ३१२०० किंवा २८८०० मिळेल, पण टिकेल. खराब लाइनवर ४५ ला जोडून दर मिनिटाला तुटण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि पल्सही वाचतील. (हे ३४ असं नुसतं आकड्यात एसएलमोडेमडीलाच चालतं, कोनेक्झंटला व्ही३४ असं लिहा.)

अपडेट मॅनेजरचं आपोआप तपासणं बंद करा. या स्पीडला सेकंदाला साडेतीन केबी धरा, दोनशे एमबी अपडेट म्हणजे सोळा तासांच्या आसपास सलग. सिनॅप्टिकमध्ये हवी ती पॅकेजं निवडून फाइल मेनूतून डाउनलोड स्क्रिप्ट बनवता येते, ती पेनड्राइव्हवर कॅफेत न्या, तिथे उतरवा, घरी येऊन टाका. कॅफेत विंडोज असलं तरी स्क्रिप्टमधले पत्ते कॉपी करून उतरवता येतात.

आणि ढग गडगडायला लागले की वायर भिंतीतून काढा. त्या बोटभर पट्टीला विजेचा एक झटका पुरतो, आणि कधीकधी ती एकटी जात नाही.

गंप्या | शनि, २८ जून २००८, १४:३३

हेच म्हणतोय मी पहिल्यापासून, बाहेरचा मोडेम जळला तर पाचशे रुपयांत सुटका, आतला जळला तर मदरबोर्ड पण जाऊ शकतो.

टर्मिनलबुवा | शनि, २८ जून २००८, १५:१०

गंप्या, हा मुद्दा मान्य. तरी वायर काढायला शून्य रुपये लागतात.

कातळवाट | मंगळ, १ जुलै २००८, २०:४७

काका, घराच्या कोपऱ्यावरची पिळ खरंच हिरवीगार होती, हात लावला तर तुटूनच आली. नवी केली, झोळ ठेवला. चरचर बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही, खांबावरच्या डब्यासाठी तक्रार दिली आहे, खरखर म्हणूनच. एमएस=३४ ने काल पावसात तासभर न तुटता चाललं.

एक शेवटचं विचारतो. आमच्या शाळेची एक-दोन पत्रकं दर महिन्याला तालुक्याला फॅक्सने जातात, त्यासाठी कोणीतरी लांज्याला जातं. या मोडेमवरून फॅक्स होईल का?

टर्मिनलबुवा | मंगळ, १ जुलै २००८, २२:२०

होईल. एसएलमोडेमडीला क्लास १ फॅक्स येतो. ईफॅक्स-जीटीके टाका, सेटिंगमध्ये डिव्हाइस टीटीवायएसएल० आणि क्लास १ निवडा. पत्रक ओपनऑफिसमधून पोस्टस्क्रिप्टमध्ये प्रिंट टू फाइल करायचं आणि ती फाइल द्यायची. बारीक टाइप नको, १४ च्या खाली गेलात तर काना-मात्रा पलीकडे उठणार नाहीत. आणि फॅक्सच्या वेळी डब्ल्यूव्हीडायल बंद हवं, पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो.

मृद्गंध | बुध, २ जुलै २००८, ०९:०५

आणि माझ्या फुकटच्या ड्रायव्हरमध्ये नेमका फॅक्सच बंद. गंप्या, तो सेकंडहँड मोडेम कुठे मिळाला होता?